विंगेतली मेव्हणी

नाटक कुणाचं, असं विचारलं की नाटककार म्हणतो माझं, दिग्दर्शक म्हणतो माझं, आणि निर्माता काहीच म्हणत नाही, नुसता हसतो. मावशींना हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही. विचारला असता, तर त्यांनी विचारणाऱ्याला आधी हळू बोलायला सांगितलं असतं आणि मग शांतपणे सांगितलं असतं की नाटक त्यांचं आहे.

त्यांची जागा डाव्या विंगेत. एक लाकडी खुर्ची, तिच्यावर घरून आणलेली उशी, समोर उंच स्टुलावर जुना लॅपटॉप. काम प्रॉम्प्टरचं. रंगमंचावर कुणी अडलं की पुढचं वाक्य द्यायचं, आणि असं द्यायचं की ते नटाला ऐकू जावं, पहिल्या रांगेला जाऊ नये. ह्या दोघांमधलं अंतर फार नसतं, पण तेवढ्यात मावशींचं आयुष्य आरामात मावलं होतं. कुजबुजलं की माणसं कान टवकारतात, असा त्यांचा सिद्धांत होता. म्हणून त्या कुजबुजत नसत. साध्याच पण बारीक आवाजात, ओठ एका बाजूला करून बोलत, आणि तो आवाज तिरका जाऊन बरोबर नटाच्या कानात पडे. घरीही त्या तशाच बोलत. त्यांच्या यजमानांना संसाराची पहिली काही वर्षं वाटत राहिलं, की बायको आपल्याला काहीतरी गुपित सांगते आहे. मग हळूहळू कळलं, की दूध आणायला सांगते आहे.

ह्या खुर्चीवर त्या आल्या त्या मेव्हणी म्हणून. थोरल्या बहिणीचं लग्न एका नटाशी ठरलं तेव्हा घरच्यांनी, नट म्हणजे नक्की करतो काय, अशी चौकशी केली होती. पाठांतर करतो, असं उत्तर मिळालं. प्रत्यक्षात भावोजींची तेवढीच बाजू लंगडी होती. चेहरा देखणा, आवाज भरदार, नुसते येऊन उभे राहिले तरी सभागृह गप्प व्हायचं. पण वाक्यं त्यांच्या डोक्यात पाहुण्यासारखी राहायची. तालमीच्या दिवसांत ते घरात येरझाऱ्या घालत आणि धाकटी मेव्हणी संहिता मांडीवर घेऊन पलंगावर बसे. ‘चुकलात,’ ती म्हणे. ‘परत चुकलात.’ मेव्हणीची थट्टा करायचा हक्क भावोजींचा, असं सगळीकडे मानतात. ह्या घरात तो पहिल्या वर्षातच उलटा फिरला. पुढे नाटक कंपनीचा प्रॉम्प्टर दुसऱ्या नोकरीला लागला, तेव्हा भावोजी म्हणाले, ‘नवा माणूस शोधू नका, माझ्या घरात तयार आहे.’ आणि ती बाई उशी घेऊन विंगेत येऊन बसली. तेव्हापासून नट आले, गेले, काहींनी सिनेमात जाऊन नाव काढलं, काहींनी दुकान काढलं. उशीचा अभ्रा तेवढा बदलत राहिला.

लॅपटॉप अलीकडचा. आधी संहिता जाड फायलीत असे. पण पान उलटलं की तिसऱ्या रांगेतला माणूस कुणी गोळीचा कागद काढतंय असं समजून रागाने शेजारी बघे. शिवाय अक्षरं दिवसेंदिवस बारीक होत चालली होती. मावशींच्या मते छपाईचा दर्जा घसरला होता. शेवटी त्यांच्या मुलाने, जो कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, सगळं नाटक टाइप करून घेतलं आणि एका साध्या लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये घालून दिलं. चित्रं नाहीत, रंग नाहीत, काळ्यावर पांढरी मोठी अक्षरं. शब्द शोधायचा असेल तर एक छोटी चौकट उघडायची, शब्द लिहायचा, आणि मग कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं एक बटण दाबत जायचं. प्रत्येक वेळी तो शब्द पुढे जिथे येईल तिथे लॅपटॉपचा पडदा आपोआप जाऊन उभा राहतो. अंधारात चाचपडायला नको म्हणून मावशींनी त्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि त्याचं नाव ठेवलं ‘पुढचं बटण’.

हे बटण हाती आल्यावर मेव्हणी-भावोजींची जोडी अजिंक्य झाली. ती कशी, ते कंपनीत फक्त दोघांना माहीत होतं.

चालू नाटकात भावोजी निवृत्त न्यायाधीश होते. सून घरात येते, सासऱ्याशी तिचं पटत नाही, सून निघून जाते, आणि मग सासऱ्याला कळतं की पटत होतं. ह्या न्यायाधीशाला वाऱ्याचा त्रास. नाटककाराने त्याच्या प्रत्येक मोठ्या भाषणाआधी एक वाक्य घालून ठेवलं होतं: ‘खिडकी लावून घे.’ समीक्षकांनी त्या खिडकीचा अर्थ लावला. कुणी म्हणालं ती म्हातारपण, कुणी म्हणालं ती व्यवस्था. ती खरी काय होती हे विंगेत ठाऊक होतं. भावोजींचं वाक्य हरवलं, की ते मान किंचित डावीकडे वळवून म्हणत, ‘खिडकी लावून घे.’ समोर जो कोणी असेल तो जाऊन खिडकी लावी. सुतार मागून ती हळूच पुन्हा उघडून ठेवी, पुढच्या वेळेसाठी. तेवढ्यात मावशी ठिपका दाबत. पडदा पुढच्या खिडकीपाशी जाऊन थांबे, तिच्या खालची ओळ मावशी पोचवत, आणि भावोजी तिथून भाषण सुरू करत. मधली चार वाक्यं गळून गेलेली असत. ती नाटककारालाही आठवत नसत. तो एकदा प्रयोगाला आला होता आणि नाटक आता बांधेसूद झालंय, असं म्हणाला होता.

मावशींची ह्यातली कला वेगाची होती. डोळ्यांना ओळ दिसायची आणि जीभ ती पोचवायची. मध्ये डोकं लागत नसे, आणि ह्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

पण गेल्या काही प्रयोगांत खिडकी जास्तच लागू लागली होती. दिग्दर्शक हे हेरून होता. माणूस तरुण, हुशार, गळ्यात मफलर, आणि म्हाताऱ्यांशी फार नम्रपणे बोलणारा, त्यामुळे म्हातारे त्याला टरकून असत. त्याने भावोजींना रंगपटात बाजूला घेतलं, पण एवढंही बाजूला नाही की मावशींना ऐकू जाऊ नये.

‘काका, दौरा लागतोय आपला. लांबचा आहे. मला खात्री पाहिजे.’

‘कसली?’

‘आणखी एकदा गाडी रुळावरून घसरली तर मी भूमिका डॉक्टरकडे देणार. स्पष्ट सांगतो, राग मानू नका.’

डॉक्टर म्हणजे नाटकात डॉक्टरचं काम करणारा नट. दुसऱ्या अंकात तो नाडी बघून जाई आणि उरलेला वेळ उजव्या विंगेत उभा राहून न्यायाधीशाची सगळी वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणे. त्याला सगळं नाटक पाठ होतं. मावशींच्या मते हाच त्याचा दोष होता.

‘एवढं पाठ असलेला माणूस ऐकतो कुठे?’ त्या बहिणीला म्हणाल्या. ताई तिकीट खिडकीवर बसे. ‘समोरचा बोलत असताना ह्याचं आपलं पुढचं चालू.’

‘तू तुझ्या भावोजींचं सांग,’ ताई म्हणाली. ‘घरी आले की गप्प बसतात. भूमिका गेली तर हा माणूस दिवसभर करील काय? मला भाजी चिरायला शिकवील.’

‘मी आहे ना.’

‘तू आहेस म्हणूनच विचारतेय.’

मावशींनी हे कौतुक समजून स्वीकारलं.

त्या संध्याकाळच्या प्रयोगाचा पहिला अंक असा झाला, की दृष्ट काढावी. मध्यंतरात मावशी खुशीत होत्या, आणि खुशीत असल्या की त्या इतरांच्या चुका काढत. सुनेचं काम करणारी मुलगी चहा घेऊन शेजारून गेली. तिला सगळे सूनबाईच म्हणत. तिच्या खऱ्या सासूला हे आवडत नसे.

‘सूनबाई, डब्याचं वाक्य खाल्लंस आज.’

‘नाही हं मावशी. म्हटलं की मी.’

‘नाही म्हटलंस.’

‘मावशी, मी उभी राहून म्हटलं! डॉक्टरना विचारा.’

‘डॉक्टरला कशाला? हे बघ.’ मावशींनी चौकट उघडली आणि डब्याचं वाक्य लिहिलं. पडद्यावर अंक संपत आला होता, वाक्य मागे राहिलं होतं. चौकटीत खाली दोन छोटी वर्तुळं होती, एक ‘वर’ आणि एक ‘खाली’. आजवर त्यांना हात लावायची वेळ आली नव्हती. पण सूनबाई बघत होती. मावशींनी ऐटीत वर्तुळातली खूण ‘वर’ वर नेली, बटण दाबलं आणि पडदा सरसर मागे जाऊन डब्यापाशी थांबला.

‘वाच. ह्याच्या आधी तू उभी राहतेस आणि ह्याच्यानंतर बसतेस. आज उभी राहिलीस आणि बसलीस. मधे डबा कुठंय?’

सूनबाईने वाचलं, चहा प्यायली. ‘बाई गं,’ ती म्हणाली. ‘तुमच्याशी भांडून कुणी जिंकलंय का हो कधी?’

‘यजमान एकदा जिंकले होते. त्यांनाच वाईट वाटलं.’

घंटा झाली. मावशींनी नेहमीप्रमाणे चौकटीत पुन्हा ‘खिडकी लावून घे’ लिहिलं, पडदा दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आणून ठेवला आणि उशी सारखी केली. वर्तुळातली खूण ‘वर’ वरच राहिली. ती दाण्याएवढी होती आणि चौकट बंद झाली की दिसतही नसे.

दुसऱ्या अंकात सून घर सोडते. हातात बॅग घेऊन ती दारापाशी थांबते, न्यायाधीश तिच्याकडे पाठ करून उभा असतो. सगळं नाटक ह्या जागेसाठी लिहिलेलं. ‘जायचंच असेल तर आत्ताच जा,’ इथून त्याचं भाषण सुरू होतं आणि ते संपेपर्यंत लोक रुमाल शोधू लागतात. त्याच्या दोन वाक्यं आधी भावोजी थांबले. मान डावीकडे झाली.

‘खिडकी लावून घे,’ ते म्हणाले.

सूनबाईने बॅग खाली ठेवली, खिडकी लावली, बॅग उचलली. मावशींनी ठिपका दाबला. पडदा हलला, थांबला, खिडकीच्या खाली ओळ होती, आणि मावशींनी ती पोचवली.

‘आलीस? प्रवास कसा झाला?’

भावोजींनी विंगेकडे बघितलं. ते एरवी कधी बघत नसत, नुसते ऐकत. क्षणभर बघितलं. मग घर सोडून निघालेल्या सुनेकडे वळून, भरदार आवाजात, त्यांनी विचारलं, ‘आलीस? प्रवास कसा झाला?’

सूनबाईच्या हातात बॅग होती. पहिल्या अंकात ती घरात येते तेव्हाही बॅगच असते. ती बॅगेकडे बघत राहिली, जणू तिलाही नक्की आठवत नव्हतं की आपण येतोय की जातोय.

‘झाला एकदाचा,’ ती म्हणाली. पहिल्या अंकातलं हेच उत्तर होतं. दुसरं तिच्याकडे नव्हतं.

उजव्या विंगेत डॉक्टरचे ओठ हलायचे थांबले. मावशींच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय, पण काय ते कळेना; त्यांनी दिलेलं वाक्य भावोजींनी जसंच्या तसं म्हटलं होतं, तक्रारीला जागा नव्हती. आता न्यायाधीश पहिल्या अंकात येऊन उभा होता आणि पुढे काय म्हणायचं हे बहुधा त्याला माहीत नव्हतं.

‘खिडकी लावून घे,’ भावोजी म्हणाले.

‘लावलीये, बाबा,’ सूनबाई म्हणाली. ‘आत्ताच लावली.’

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

मावशींनी ठिपका दाबला. ‘कोण आहे? दारात कोण आहे?’ ही ओळ त्यांनी ओळखली. रंगमंचाचा पडदा उघडला की लगेच ही येते. नाटक मागे चाललं होतं. पुढचं बटण दाबलं की माणसाने पुढे जावं, एवढी साधी अपेक्षा होती. त्यांनी ती पुन्हा केली. ह्या खेपेला पडद्याला वर जायला जागाच उरली नव्हती, म्हणून तो संहितेला वळसा घालून थेट शेवटच्या पानावर जाऊन उभा राहिला. तिथे न्यायाधीश रिकाम्या घरात एकटा बसून सुनेचं नाव घेतो आणि दिवे जातात. हे वाक्य दिलं असतं तर नाटक तिथेच आटपलं असतं. प्रेक्षकांपैकी काहींना, ज्यांना लांब जायचं होतं, ते चाललंही असतं.

मावशींनी ते दिलं नाही. ओठ एका बाजूला करून त्या बसून राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं.

रंगमंचावर शांतता होती. नाटकात शांतता लिहिलेली असते तेव्हा ती कळते. ही लिहिलेली नव्हती. भावोजी खिडकीकडे बघत होते. मग त्यांनी सुनेच्या बॅगेकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्याकडे.

‘जायचंच असेल,’ ते सावकाश म्हणाले, ‘तर आत्ताच जा.’

आणि पुढचं सगळं भाषण त्यांनी केलं. एकही वाक्य गळलं नाही.

आपणच दिलं असणार, असं मावशींना आधी वाटलं. पण ओठ हलले नव्हते, ह्याची त्यांना लाज वाटण्याइतकी खात्री होती.

प्रयोगानंतर दोन बायका डोळे पुसत आत आल्या आणि त्या विसराळू सासऱ्याचं कौतुक करून गेल्या. ‘आमचे मामंजी थेट अस्सेच करायचे. निघालं की विचारायचे, कधी आलात.’ दिग्दर्शकाने त्यांचं हसून ऐकलं, दार लावलं आणि हसू काढून ठेवलं.

‘काका, प्रेक्षकांना आवडलं, ते वेगळं. मला सांगा, तुम्ही पहिल्या अंकात कसे गेलात?’

भावोजी आरशासमोर बसून मिशी सोडवत होते. दारापाशी डॉक्टर उभा होता. पुढच्या प्रयोगाला न्यायाधीशाचा कोट आपल्या खांद्यांना बसेल की नाही, ह्याचा तो डोळ्यांनीच अंदाज घेत होता.

मावशींपुढे दोन रस्ते होते आणि दोन्ही वाईट. गप्प राहिलं तर भावोजींनी स्वतःहून गोंधळ घातला असं ठरणार. बोललं तर खिडकीचं गुपित फुटणार. दुसरी कुणी असती तर रात्रभर विचार केला असता. मावशी विचार करायला थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या.

‘ते गेले नाहीत. मी नेलं,’ त्या म्हणाल्या. ‘वाक्य मी दिलं. बटण उलटं फिरलं. चूक माझी, मशीनची, आणि थोडी सूनबाईची.’

‘माझी?’ सूनबाई म्हणाली.

‘डबा,’ मावशी म्हणाल्या.

दिग्दर्शक खुर्ची ओढून बसला. ‘म्हणजे काका अडले होते. तुम्ही पहिल्या अंकातलं वाक्य दिलंत. आणि काकांनी ते म्हटलं.’

‘म्हटलं.’

‘तुम्ही काहीही दिलंत तरी ते म्हणतील?’

हा प्रश्न मावशींच्या कामाची स्तुती होता आणि भावोजींच्या कामाचा शेवट होता, आणि एकाला नाही म्हटल्याशिवाय दुसऱ्याला वाचवता येत नव्हतं.

‘मला माहीत होतं, ते पहिल्या अंकातलं आहे,’ भावोजी आरशातून म्हणाले. अर्धी मिशी अजून ओठावर होती. ‘खरं वाक्य येत होतं मला. येतच होतं.’

‘मग हे का म्हणालात?’ दिग्दर्शक आणि मावशी दोघांनी एकदमच विचारलं.

‘ही म्हणाली म्हणून. ही चुकल्याचं मला एकदाही आठवत नाही. मी चुकल्याचं रोज आठवतं. मी म्हटलं, दोघांपैकी कोण बरोबर असेल?’

सुताराने मागे कुठेतरी खिडकीची चौकट उतरवून भिंतीला टेकवली, त्याचा आवाज झाला.

‘खिडकी म्हटलं की मला एक श्वास लागतो,’ भावोजी पुढे म्हणाले. ‘नीट, पूर्ण श्वास. मग येतं वाक्य. नेहमी येतं असं नाही, पण येतं. ही अर्ध्या श्वासात देते.’

‘मग सांगायचं नाही का?’ मावशी म्हणाल्या.

‘कधी सांगू? तू बोलत असतेस.’

दिग्दर्शकाने मफलर एकदा काढून पुन्हा गुंडाळला. ‘ठीक आहे,’ तो म्हणाला. ‘पुढचा प्रयोग मावशींशिवाय. काका, निभावलंत तर दौऱ्यावर तुम्ही. नाही निभावलं तर मला काही बोलायला लावू नका. मावशी, तुम्ही विंगेत नाही बसायचं.’

‘मग कुठे बसू?’

‘प्रेक्षक बसतात तिथे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी मुलाला फोन केला. रागवायला कुणीतरी हवं होतं आणि तो लांब असल्यामुळे सोयीचा होता.

‘तुझं पुढचं बटण मागे गेलं.’

‘पुढचं बटण कुठलं, आई?’

‘ठिपक्याचं.’

आईने मध्यंतरात काय काय केलं ते त्याने विचारून घेतलं. डब्याचं ऐकून तो हसला. ‘अगं, ते पुढचं बटण नाहीच. ते नुसतं म्हणतं, मघाशी जे केलंस ते पुन्हा. मघाशी तू वर शोधलंस, म्हणून ते पुन्हा वरच गेलं. शब्द बदललास तरी दिशा तीच लक्षात ठेवतं.’

‘सांगायला नको? काही घंटा, काही सूचना?’

‘नाही सांगत. टोकाला पोचलं की गुपचूप दुसऱ्या टोकाने येतं.’

‘आणि लोक हे चालवून घेतात?’

‘त्याचं वागणंच तसं आहे, आई. चूक नाही म्हणता येणार. सांगितलेलं करत राहतं, तू वेगळं सांगेपर्यंत.’

‘तुझे बाबाही तसेच आहेत,’ मावशी म्हणाल्या. ‘पण ते निदान मागे जात नाहीत.’ फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ लाल ठिपक्याकडे बघत बसल्या. मग यजमानांनी दुधाचं विचारलं आणि मावशींनी उत्तर द्यायच्या आधी, यजमानांना नवल वाटेल इतका वेळ, त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं.

प्रयोगाच्या दिवशी ताईने तिकीट खिडकीतून सरकवलं. ‘पाचवी रांग,’ ती म्हणाली. ‘ह्यांनी घरात सकाळपासून पाणीसुद्धा पिऊ दिलं नाहीये मला. गेल्या जन्मीचं काय आहे तुमचं दोघांचं कोण जाणे. जा, बस, आणि गप्प राहा.’

‘मी गप्पच असते.’

ताईने पुढच्या माणसाचं तिकीट फाडलं.

शेजारच्या खुर्चीवर एक जाड चष्म्याची बाई होती. मावशींनी बसण्याआधी खुर्ची सवयीने चाचपली, उशी नव्हती. पडदा उघडला आणि त्या गांगरल्या. नाटक एवढं रुंद आहे ह्याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी आजवर त्याची एक बाजू पाहिली होती: कान, खांदे, सूनबाईच्या वेणीचा मागचा भाग. रंगमंचावर भावोजींचा पुढचा चेहरा त्यांना आज पहिल्यांदा दिसत होता. चांगला होता.

पहिल्या अंकात भावोजी एकदा अडखळले आणि सावरले. मध्यंतरात चष्म्याची बाई म्हणाली, ‘तुम्ही आधी पाहिलंय वाटतं? तुमचे ओठ हलत होते.’

‘नाही,’ मावशी म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं. ‘पहिल्यांदाच बघतेय.’

दुसरा अंक. सूनबाई बॅग घेऊन दारापाशी आली. भावोजींची पाठ तिच्याकडे, म्हणजे चेहरा प्रेक्षकांकडे. मावशींना माहीतच नव्हतं की ह्या जागेला सगळा चेहरा असा समोर असतो. ते थांबले. डावी विंग रिकामी होती आणि तिकडे त्यांनी बघितलंही नाही.

‘खिडकी लावून घे,’ ते म्हणाले.

सूनबाईने लावली. भावोजी श्वास घेऊ लागले. तो श्वास पाचव्या रांगेतून दिसत होता, कोटाची छाती हळूहळू वर येताना, आणि तो संपता संपेना. उजव्या विंगेच्या कडेला डॉक्टरचा जोडा दिसत होता. मावशींच्या ओठांची एक बाजू आपली आपण उघडली.

‘जायचंच असेल...’

‘शू!’ चष्म्याची बाई म्हणाली. ‘ऐकू द्या की जरा.’

विंगेतली बाई विंगेबाहेर बोलत होती. तो तिरका आवाज भावोजींपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. मावशींनी तोंडावर हात ठेवला. रंगमंचावर कोटाची छाती एकदाची खाली आली.

‘जायचंच असेल तर आत्ताच जा,’ भावोजी म्हणाले. ‘माझी परवानगी मागू नकोस, मी ती देणार नाही आणि तू थांबणार नाहीस.’ चष्म्याची बाई पर्समध्ये रुमाल शोधू लागली. मावशींनी आपला तिला दिला. त्यांना स्वतःला लागत नव्हता, असं त्यांनी नंतर ताईला सांगितलं. ताईने विचारलं नव्हतं.

प्रयोग संपल्यावर त्या मागच्या दाराने आत गेल्या. बोळात दिग्दर्शक कुणाशी तरी दौऱ्याच्या बसबद्दल बोलत होता. मावशींना बघून त्याने हात वर केला. ‘मावशी, बसमध्ये तुमची सीट काकांच्या शेजारी टाकलीये. आणि खुर्चीवर या परत, पण त्या बटणाचं बघा जरा.’

‘बटणाचं बघितलंय. आता माझंच बघतेय,’ मावशी म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत. डॉक्टर नाडी बघायची पिशवी आवरत होता. ‘छान झालं हं आज तुझं,’ त्या त्याला म्हणाल्या. तो बिचारा आभार मानू लागला, पण तोवर त्या पुढे गेल्या होत्या.

भावोजी आरशासमोर घामाने चिंब बसले होते. ताई शेजारी पाण्याचा पेला घेऊन उभी होती. त्यांनी तो घेतला नव्हता. आरशातून त्यांनी मेव्हणीकडे बघितलं.

‘कसं झालं?’

‘डोळे फार बोलतात तुमचे समोरून. इतकी वर्षं मला फक्त कान माहीत.’

‘ते राहू दे. चुकलो कुठे?’

‘दुसऱ्या अंकात एक ओळ खाल्लीत.’

‘कुठली?’

मावशींच्या ओठांची बाजू उघडली. ओळ जिभेवर होती. ताई बघत होती.

‘आठवा,’ मावशी म्हणाल्या.

भावोजींनी मिशीला हात लावला, काढला, कपाळाला लावला. मावशींनी स्टूल ओढलं आणि बसल्या. त्यांना कसलीही घाई नव्हती.